कुणी दाबला म्हणता ई-पेपर?

गेल्या पंधरवड्यात तो मेसेज मला पाच जणांकडून आला. सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर, मडगावच्या मावशीकडून, एका गिऱ्हाइकाकडून आणि शेवटी चक्क आमच्या जुन्या हेडमास्तर सरांकडूनही. मेसेज लांबलचक आहे, सार एवढंच: ई-पेपर नावाचा कागदासारखा स्क्रीन १९९७ पासून तयार आहे. त्याला वीज लागतच नाही. डोळ्यांना त्रास शून्य, चष्मासुद्धा सुटतो. पण मोबाईल कंपन्यांनी आणि पेटंट धरून बसलेल्या एका कंपनीनं तो दाबून ठेवला, मुद्दाम मंद आणि काळा-पांढराच ठेवला. आता पेटंटं संपली आहेत, स्वीडनमध्ये त्याच्यावर व्हिडिओ चालवून दाखवलाय, त्यामुळे पाच वर्षांत मोबाईल, टीव्ही, वर्तमानपत्र सगळं ई-पेपरवर. खाली जोडलेले हात, आणि ‘प्रत्येक गोंयकारापर्यंत पोचवा’.

पोचवलाय लोकांनी इमानेइतबारे. गंमत अशी की सोसायटीच्या ग्रुपवर अर्ध्या लोकांना कळलंच नाही हे कशाबद्दल आहे. आपल्याकडे ई-पेपर म्हणजे सकाळी सहाला ग्रुपवर पडणारी वर्तमानपत्राची पीडीएफ. ‘तो तर रोज येतो, दाबला कुणी?’ असं एकानं विचारलं, आणि खरं सांगायचं तर सगळ्या चर्चेत तो एकच प्रश्न मुद्द्याचा होता.

मी फोंड्याला टीव्ही-मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. गेली अडीच वर्षं ई-पेपरचे सुटे पॅनल मागवून त्यांच्याशी खेळतोय; त्यातला एक आमच्या सोसायटीच्या गेटवर पाटी म्हणून लावलाय. म्हणजे मी या वस्तूच्या विरोधातला नाही, चांगलाच प्रेमात आहे. म्हणूनच ही खोटी स्तुती जास्त झोंबते. चांगल्या मुलाचं लग्न त्याचा पगार दुप्पट सांगून जमवावं तसलं आहे हे. पुढं नाव मुलाचंच खराब होतं.

आधी वस्तू काय आहे ते बघू. दुकानात एकदा एक फुटका ई-रीडर, म्हणजे ई-पेपरवर पुस्तकं वाचायचं यंत्र, आला होता. गिऱ्हाईक त्याच्यावर बसलं होतं. मी मागचं झाकण काढून बॅटरी बाजूला ठेवली, तरी स्क्रीनच्या वरच्या अर्ध्या भागावर पेन्सिलींचं चित्र जसंच्या तसं. वायर नाही, सेल नाही, चित्र मात्र आहे. दीड वर्ष झालं, तो स्क्रीन दुकानातल्या फळीवर आहे, पेन्सिली अजून दिसतात. शेजारच्या सोनाराचं भिंग लावून बघितलं तर रेघेची कड सरळ दिसत नाही, स्वस्त कागदावर शाई किंचित फुटते तशी दिसते. कारण आत खरंच रंगाचे कण आहेत. केसाच्या जाडीच्या आसपासच्या, बहुधा त्याहूनही बारीक अशा लाखो कुप्या, त्यांत पारदर्शक तेल, तेलात पांढरे नि काळे कण. पांढरे म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो तोच. दोन्ही कणांवर उलटसुलट विद्युतभार. खालून पंधराएक व्होल्ट एका दिशेनं दिले की पांढरे वर येतात, उलटे दिले की काळे. वीज काढून घेतली की जो जिथं आहे तिथंच राहतो. पुढं जे काही सांगणार आहे ते सगळं या एका वाक्यात आहे. या वस्तूचे गुण आणि दोष एकाच पोटचे.

आता मेसेजकडे.

‘वीज लागतच नाही’

चित्र टिकायला लागत नाही, बदलायला लागते. एवढं वाक्य नीट लिहिलं असतं तर मी हा लेख लिहिलाच नसता. पण ई-रीडर म्हणजे नुसता स्क्रीन नव्हे. आत प्रोसेसर आहे, वायफाय आहे, आणि २०१२ नंतरच्या बहुतेक वाचनयंत्रांत कडेला एलईडी आहेत, जे स्क्रीनवर समोरून उजेड पसरवतात. जाहिरातीत ‘एका चार्जवर सहा आठवडे’ असतं. खालची बारीक अक्षरं वाचा. रोज अर्धा तास वाचन, वायफाय बंद, उजेड मध्यम. बेचाळीस दिवस गुणिले अर्धा तास म्हणजे एकवीस तास. वाईट नाही हो, फोनच्या मानानं उत्तमच आहे. पण ‘वीज लागतच नाही’ आणि ‘एकवीस तास’ यांच्यामधून आख्खी फेरीबोट जाईल.

माझ्या गेटवरच्या पाटीला एक लिथियम सेल अडीच-तीन महिने पुरतो. त्यातला स्क्रीनच्या वाट्याला जातो तो चिमूटभर. बाकी सगळं वायफाय खातं, दर अर्ध्या तासानं उठून ‘काही नवं आहे का’ विचारण्यात.

‘डोळ्यांना त्रास शून्य, चष्मा सुटतो’

चष्मा सुटत नाही. इथं खरं तर थांबता येईल, पण मावशीनं चष्म्याच्या दुकानातली ऑर्डर रद्द करायची भाषा केली म्हणून थोडं लिहितो.

स्क्रीनकडे बघताना डोळे चुरचुरतात त्याचं मोठं कारण असं की आपण पापण्या मिटवायच्या विसरतो. एरवी माणूस मिनिटाला पंधराएक वेळा पापणी लववतो, स्क्रीनपुढं ते प्रमाण निम्म्यावर किंवा त्याखाली येतं. ई-पेपरवर रहस्यकथा वाचतानाही तुम्ही तसेच टक लावून बघता. स्क्रीनच्या निळ्या उजेडानं डोळ्यांना इजा होते याला पुरावा नाही, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी ही नेत्रतज्ज्ञांची संस्था वर्षानुवर्षं सांगतेय. ई-पेपर आणि साधा एलसीडी यांची तुलना करणारे अभ्यासही एका सुरात बोलत नाहीत: २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एकात थकव्यात फारसा फरक दिसला नाही, २०१३ च्या दुसऱ्यात एलसीडीवर वाचणाऱ्यांचे डोळे जास्त थकले आणि ई-पेपर छापील पुस्तकाच्या जवळ राहिला. माझा स्वतःचा अनुभव दुसऱ्या अभ्यासाच्या बाजूचा आहे, पण माझा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. आणि मावशी, तुझा नंबर वयानं वाढलाय. चष्मा घेऊन टाक.

‘मोबाईल कंपन्यांनी दाबून ठेवला’

मेसेजमधला हा सगळ्यात लाडका भाग, आणि सगळ्यात पोकळ. इतिहास बघितला तर ई-पेपर कुणी दाबला नाही. उलट ज्यानं त्यानं पैसे ओतले आणि बहुतेकांचे बुडाले.

१९९७ हे सालसुद्धा अर्धवट आहे. कागदासारखा स्क्रीन करायचा पहिला गंभीर प्रयत्न १९७० च्या दशकातला. झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात निक शेरिडन यांनी अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या अशा बारीक गोळ्या तेलात ठेवून त्या विजेनं फिरवल्या. झेरॉक्सनं ते काम बरीच वर्षं रेटलं आणि २००५ साली बंद केलं. १९९७ साली जी निघाली ती ई इंक कंपनी. एमआयटीचे जोसेफ जेकबसन आणि त्यांचे विद्यार्थी बॅरेट कॉमिस्की व जे. डी. अल्बर्ट यांच्या कामातून. १९९८ साली ‘नेचर’ या नामांकित विज्ञान-नियतकालिकात त्यांचा शोधनिबंध आला, म्हणजे जगजाहीरच झालं. गुपित ठेवायचं असेल तर ‘नेचर’ ही फार वाईट जागा.

पुढं २००४ साली सोनीनं जपानमध्ये ई-इंकचं पहिलं वाचनयंत्र बाजारात आणलं. यंत्र देखणं, पण त्यावर घेतलेलं पुस्तक साठ दिवसांनी उघडेनासं व्हायचं. लोकांनी पाठ फिरवली तर नवल काय? २००७ च्या नोव्हेंबरात अमेझॉननं किंडल काढला, किंमत ३९९ डॉलर, आणि पहिला साठा साडेपाच तासांत संपला. २००९ साली तैवानच्या प्राइम व्ह्यू इंटरनॅशनलनं ई इंक विकत घेतली आणि पुढं स्वतःचं नावही ई इंक करून घेतलं.

आता मोबाईलवाल्यांचं. २००६ साली मोटोरोलानं मोटोफोन एफ-३ काढला, तो भारतातही आला. स्वस्त, सडपातळ, आणि स्क्रीन ई-पेपरचा. हो, वीस वर्षांपूर्वी आपल्याच बाजारात ई-पेपरचा फोन मिळत होता! माझ्याकडे दुरुस्तीला दोनदा आलाय. उन्हात आकडे झकास दिसायचे. पण स्क्रीनवर कॅलक्युलेटरसारखी ठोकळ अक्षरं, एका ओळीत सहा, अशा दोन ओळी. ‘उद्या सकाळी येतो’ एवढा निरोप वाचायला उद्याची सकाळ उजाडायची. लोकांनी तो का सोडला ते शोधायला कटकारस्थान लागत नाही. २०१३ साली रशियाच्या योटाफोननं पुढं साधा आणि मागं ई-पेपर असे दोन स्क्रीन दिले; ती कंपनी २०१९ ला दिवाळखोरीत गेली. चीनमध्ये हायसेन्सनं ई-पेपरचे फोन विकून बघितले.

आणि हे फक्त काळ्या-पांढऱ्या कणांचं झालं. क्वालकॉमनं मिरासोल नावाचा वेगळाच प्रकार केला. त्यात फुलपाखराच्या पंखासारखा रंग, कणांशिवाय, उजेडाच्या लहरी एकमेकींत मिसळून. व्हिडिओ चालायचा, पण रंग फिके आणि बनवणं महाग. गाडा पुढं गेला नाही. फिलिप्समधून निघालेली लिक्वाविस्टा विजेनं रंगीत तेलाचा थेंब पसरवायची नि आकसवायची. तीही व्हिडिओच्या वेगानं. ती आधी सॅमसंगनं घेतली, २०१३ ला अमेझॉननं घेतली आणि २०१८ ला बंद झाली. ‘बघा, घेतली आणि मारली!’ असं आमच्या बॅचच्या ग्रुपवर एकानं लगेच लिहिलं. बाबा रे, अमेझॉन किंडल विकते. रंगीत, वेगवान, उन्हात वाचता येणारा स्क्रीन हातात आला असता तर जगात सगळ्यात जास्त फायदा तिचाच होता. स्वतःच्या भाताच्या गोणीला कुणी काडी लावत नाही.

पेटंटाचं एक: पेटंट वीस वर्षं चालतं. ई इंकची मूळची पेटंटं १९९० च्या दशकातली, ती संपून बरीच वर्षं झाली. संपल्या दिवशी किमती कोसळल्या का? नाही. नवी पेटंटं रोज निघत असतात हे खरं, एका कंपनीचा या धंद्यावर नको इतका पगडा आहे हेही खरं, आणि त्याबद्दल बोलायला हवंच. पण पॅनल महाग पडतं त्याचं साधं कारण खपात आहे. एलसीडीचे कारखाने अब्जावधी फोन नि टीव्हींसाठी चालतात. ई-पेपरचा खप त्याच्यापुढं पाणवठ्यावरची घागर.

‘मुद्दाम मंद आणि काळा-पांढरा ठेवला’

इथं परत त्या तेलाच्या कुपीकडे यायचं. कणाला तेलातून पोहत वर यायचंय. चिकट तेलातून पोहायला वेळ लागतो, पाव ते अर्धा सेकंद. तेल पातळ करा, कण लवकर येईल. पण मग वीज काढल्यावर जागेवर टिकायचा नाही, खाली-वर होईल. व्होल्ट वाढवा, तर मागचं सर्किट तेवढे सोसणारं हवं, महाग हवं. थंडीत तेल घट्ट होतं, म्हणून कंट्रोलरमध्ये, म्हणजे स्क्रीन चालवणाऱ्या चिपमध्ये, तापमानाप्रमाणे वेगवेगळी कोष्टकं भरलेली असतात. पान उलटताना स्क्रीन क्षणभर काळा-पांढरा लवतो तो बिघाड नसतो. मागच्या पानाचं भूत घालवायची ती झाडलोट आहे. वेग आणि ‘विजेशिवाय टिकणं’ ही दोन टोकं आहेत, एक ओढलं की दुसरं सुटतं. यात कुणाचा मुद्दाम काही नाही.

आणि मंदपणावर काम चाललंय तेही उघड्यावर. मोडोस नावाच्या गटानं ई-पेपर मॉनिटरचा कंट्रोलर पूर्ण मुक्त आराखड्यासह लोकांपुढं ठेवलाय, सेकंदाला ७५ वेळा चित्र बदलणारा. टाईप करायला, स्क्रोल करायला चालतो. करड्या छटा ठिपक्यांत मोडतात, भुतं राहतात, पण चालतो. कुणाला दाबायचंच असतं तर हा आराखडा इंटरनेटवर पडलेला दिसला नसता.

रंगाची अडचण वेगळी, ती निव्वळ हिशेबाची आहे. ई-पेपर स्वतः उजेड देत नाही, पडलेला परत करतो. पांढरा भाग पडलेल्या उजेडापैकी चाळीस-पंचेचाळीस टक्के परत देतो. वर्तमानपत्राचा मळकट कागदसुद्धा याहून उजळ असतो, साधारण साठ टक्के! आता त्याच्यावर लाल, हिरवी, निळी गाळणी बसवा. प्रत्येक गाळणी आपला रंग सोडून बाकीचा उजेड गिळते, म्हणजे ढोबळमानानं दोन तृतीयांश गेला. कॅलिडो नावाचे रंगीत स्क्रीन हेच करतात. म्हणून ते धुवून विरलेल्या छापील साडीसारखे दिसतात, आणि काळी अक्षरं इंचाला ३०० ठिपके असली तरी रंग १५० वरच थांबतो. दुसरा मार्ग गाळणी काढून कणच रंगीत करण्याचा: निळसर, किरमिजी, पिवळा आणि पांढरा असे चारही एकाच कुपीत. रंग छान येतात. पण चार जातींच्या कणांतून हवा तोच वर आणायचा म्हणजे शिगम्याच्या गर्दीतून आपला माणूस शोधून पुढं आणण्यासारखं. २०२२ च्या गॅलरी-३ नावाच्या अशा स्क्रीनमध्ये उत्तम रंगाला दीड सेकंद लागतो, आणि ही मोठी प्रगती आहे, आधी दहा-दहा सेकंद लागायचे. माझ्याकडचं स्वस्तातलं काळं-पांढरं-लाल पॅनल एक चित्र पूर्ण करायला पंधरा सेकंदांहून जास्त घेतं, आणि तेवढा वेळ असं लुकलुकतं की पहिल्यांदा बघणारा म्हणतो, ‘गेलं वाटतं’.

एक माझी खास तक्रार, मेसेजमध्ये नसलेली. या छोट्या पॅनलांबरोबर जे सॉफ्टवेअर येतं त्याला देवनागरी जोडता येत नाही. ‘फोंडा’ लिहिलं तर काना एकीकडे, अनुस्वार भलत्याच डोक्यावर. ‘क्षमस्व’चे तर तुकडे तुकडे. शेवटी घरी जुन्या लॅपटॉपवर मजकुराचं चित्र तयार करतो आणि ते चित्रच पाटीला पाठवतो. किंडलवरही मराठी पुस्तकं यायला २०१६ चा डिसेंबर उजाडला. दाबलं-दाबलं म्हणून ओरडायचंच असेल तर इथं ओरडा, मी पण येतो.

‘स्वीडनमध्ये व्हिडिओ चालला’

चालला, हे खरं आहे. उप्साला आणि शाल्मर्स या तिथल्या विद्यापीठांतल्या संशोधकांचं काम २०२५ साली ‘नेचर’मध्ये आलं आणि ते खरोखर थक्क करणारं आहे. टंगस्टन ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म चकत्या. चकतीचा आकार आणि दोन चकत्यांमधलं अंतर यावर रंग ठरतो, आणि वीज देऊन तो रंग मालवता येतो, परत आणता येतो. एक पिक्सेल साधारण ५६० नॅनोमीटर, म्हणजे इंचाला २५ हजारांहून जास्त. डोळ्याला याच्यापुढं वेगळं काही दिसूच शकत नाही. सेकंदाला पंचवीसहून जास्त चित्रं.

मेसेजमध्ये हे सगळं आहे. नाही ते एवढंच: तो स्क्रीन साधारण दीड मिलिमीटर रुंद आणि दोन मिलिमीटर उंच आहे. उकड्या तांदळाच्या दाण्यावर ठेवला तर दाण्याची टोकं बाहेर राहतील. एवढ्या बारीक एकेका पिक्सेलला वेगळा हुकूम द्यायचा तर मागं तेवढंच बारीक सर्किट हवं, आणि तो डोंगर अजून चढायचा आहे. प्रयोगशाळेतला दाणा आणि दिवाणखान्यातला टीव्ही यांत पाच वर्षांचं अंतर आहे असं म्हणणाऱ्यानं मिरासोलचं काय झालं ते परत वाचावं.

‘पाच वर्षांत मोबाईल, टीव्ही, वर्तमानपत्र’

टीव्ही विसरा. रात्री हॉलमधला दिवा मालवून सिनेमा बघायची सवय असलेल्या देशात स्वतः उजेड न देणारा टीव्ही कोण घेणार? मोबाईलचं वर झालं. वर्तमानपत्राबद्दल एवढंच म्हणेन की सोप्यावर एक पेपर चौघांत पानं वाटून वाचता येतो, आणि दुसऱ्या दिवशी त्यात बांगडे गुंडाळता येतात. १५५६ साली भारतातला पहिला छापखाना ओल्ड गोव्यात लागला. छापील कागद असा एका मेसेजनं जायचा नाही.

पण ई-पेपर जिथं खरंच पुढं सरकतोय ती जागा मेसेजवाल्याला दिसलीच नाही, कारण ती दिसायला साधी आहे. दुकानातल्या फळीवरची किमतीची पट्टी. अमेरिकेत वॉलमार्टनं २०२४ च्या जूनमध्ये जाहीर केलं की २,३०० दुकानांत कागदी पट्ट्या काढून २०२६ पर्यंत डिजिटल पट्ट्या लावणार. अशा पट्ट्या बहुतेक ई-पेपरच्याच असतात, नाण्याएवढ्या सेलवर वर्षानुवर्षं चालतात. बॉस्टनमध्ये ट्रामच्या थांब्यांवर सौर पॅनलवर चालणाऱ्या ई-पेपर पाट्या आहेत. २०२३ ला स्पेक्ट्रा-६ नावाचा रंगीत ई-पेपर आला, जाहिरातीच्या फलकांसाठी. चित्र मिनिटाला नव्हे, दिवसाला एकदा बदलायचं, मग सेकंद कोण मोजतो? बीएमडब्ल्यूनं तर २०२२ ला लास व्हेगासच्या प्रदर्शनात रंग बदलणारी गाडी आणली, काळ्याची पांढरी, आणि पुढच्या वर्षी ३२ रंगांची. ती मी चैनीत धरतो. पट्टी मात्र धंद्यात.

गोव्याच्या दृष्टीनं मला यात रस आहे तो उन्हामुळे. हिशेब करून बघा. पडणारा उजेड लक्समध्ये मोजतात, स्क्रीन किती उजळ दिसतो ते निटमध्ये. भर दुपारी मोकळ्यावर एक लाख लक्सच्या आसपास उजेड पडतो. त्याचे चाळीस टक्के परत देणारा ई-पेपर साडेबारा हजार निट इतका उजळ दिसतो. तुमचा महागडा फोन जीव तोडून एक-दोन हजारांपर्यंत जातो. मे महिन्यात म्हापशाच्या बाजारात फोनवर हाताची सावली धरून पैसे पाठवणारी माणसं बघितली की मला हे आकडे आठवतात. दिवाडीच्या फेरीच्या धक्क्यावर, बसथांब्यावर, पंचायतीच्या नोटिशीच्या फळ्यावर, जिथं मजकूर तासाला किंवा दिवसाला एकदा बदलतो आणि ऊन डोक्यावर असतं, तिथं याच्याइतकी योग्य वस्तू दुसरी नाही. रात्री मात्र वर एक दिवा हवा. रस्त्याच्या दिव्याखाली दहा लक्स मिळाले तर हाच ई-पेपर जेमतेम एक-दीड निट.

अडचण आपल्या हवेची. बहुतेक पॅनल शून्य ते पन्नास अंशांसाठी असतात, रंगीत तर त्याहून कमी मर्यादेत. गोव्यात हवा पन्नासला कधी जात नाही, पण उन्हातल्या बंद डब्यात जाते. माझी पहिली पाटी मी काळ्या अॅक्रिलिकच्या डब्यात, पश्चिमेकडे तोंड करून लावली होती. एप्रिलच्या एका दुपारी डब्याला हात लावला तर चटका बसला. पांढरा भाग पिवळट करडा झाला होता. आणि जे उन्हानं सोडलं ते पावसानं नेलं. या स्क्रीनच्या थरांना ओल चालत नाही, म्हणून कडा बंद केलेल्या असतात. मी वायर काढायला एक कोपरा खरवडला होता, जूनमध्ये तिथूनच ओल शिरली आणि चवथीपर्यंत त्या कोपऱ्यातलं अक्षर बदलेनासं झालं. चूक सर्वस्वी माझी. दुसरी पाटी पांढऱ्या डब्यात, छज्जाखाली, मागं भोकं ठेवून आणि कोपऱ्यांना हात न लावता लावलीय. दोन पावसाळे काढलेत तिनं.

त्या पाटीवर पणजीला जाणाऱ्या सकाळच्या गाड्या, पाणी कधी येणार ते, आणि सोसायटीची एखादी सूचना असते. मागच्या बुधवारी सकाळी मी शटर वर करत होतो तेवढ्यात सर आले, हातात पिशवी, कपाळावर घाम.

‘अरे, तुझ्या पाटीवर आठ चाळीसची गाडी आहे म्हणून अर्धा तास उभा होतो. लाईट गेली तरी पाटी राहते म्हणाला होतास ना?’

‘राहते सर.’

‘मग गाडी कुठं गेली?’

गाडीची वेळ सोमवारी बदलली होती. पाटीचा सेल रविवारी रात्री संपला होता. साधा एलईडीचा फलक असता तर काळा पडला असता, लोकांना कळलं असतं की बिघडलाय. ही बया मेली तरी चेहरा हसराच. विजेशिवाय टिकते म्हणजे विजेशिवाय खोटंही बोलत राहते, आणि थांब्यावर लावायची असेल तर हा दोष मंदपणापेक्षा नि फिक्या रंगापेक्षा मोठा आहे. त्या संध्याकाळी मी सेल बदलला आणि खालच्या कोपऱ्यात एक ओळ वाढवली: ‘शेवटचा बदल’, पुढं तारीख नि वेळ. सर आता रोज आधी ती ओळ वाचतात, मग घड्याळ बघतात, आणि तरीही कंडक्टरला फोन करतात.